बाबांना उचलणारी मोटर

माझ्या वडिलांना कोणी उचललेलं चालत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी एवढी भानगड कशासाठी केली असं पुढे कोणी विचारायला नको.

बाबा, म्हणजे सदाशिवराव, जंगल खात्यातून निवृत्त झालेले. हाडापेराने दणकट. नोकरीत असताना मजूर सागाचं लाकूड जड आहे म्हणून कुरकुरायला लागले की हे स्वतः एक टोक उचलून बघत, आणि मग सगळ्यांना खोटं पाडत. असा माणूस एका सकाळी दात घासता घासता उजव्या अंगाने गेला. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, पण यांना रोज बसवत जा. नुसते पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साचेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

त्याच संध्याकाळी मी आणि शेजारचे भगवानराव बाबांच्या दोन्ही बगलांना लागलो. बाबांची वाचा वाचली होती. दुर्दैवाने पूर्ण वाचली होती.

"हात काढा," ते म्हणाले. "मले उचलाचं त एकदाच. चार जणांनी. तवर कोणी हात लावला त याद राखा."

आमच्याकडे घरातला माणूस चौघांच्या खांद्यावर जातो तो शेवटचा, आणि बाबांच्या मनाने घेतलं होतं की त्याची तालीम नको. कुशीवर वळवलेलं चाले, पण उचललेलं नाही. माझी बायको विमल डोळे पुसत म्हणाली, "मामाजी, डॉक्टरनं सांगतलं ना बसाले?" बाबा म्हणाले, "मंग मी बसतो. माह्या हातानं बसवा." आता उजवी बाजू गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने कसं बसायचं, हा प्रश्न त्यांनी आमच्यावर सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. खिडकी दुसऱ्या बाजूला होती. तिच्यातून लोहारा गावाकडे जाणारा रस्ता दिसे आणि त्या रस्त्यावरून सागाच्या गाड्या जात. निजल्या निजल्या त्यांना दिसायचं ते फक्त छत.

मी तेव्हा एका सरकारी वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. पद स्टोअरकीपरचं, पण स्वतःबद्दलची समजूत इंजिनियरची. खिळ्यांचे डबे मोजणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. त्याच्यावाचून कुठलंही यंत्र उभं राहत नाही. आमच्या स्टोअरात एका लाकडी खोक्यात तळहाताएवढी एक मोटर बरीच वर्षं पडून होती. लष्कराच्या जुन्या सामानात आलेली. स्टोअरच्या दप्तरी तिची नोंद "मोटर, लहान, कामाचा बोध होत नाही" अशी होती. माझ्याबद्दल साहेबांनी खासगीत जवळजवळ हेच म्हटलं होतं, पण ते असो. फोरमन म्हणाले, "ही सर्व्हो मोटर. विमानाच्या शेपटीचं पातं हलवायची. चोवीस व्होल्टवर चालते."

मला तिथल्या तिथे साक्षात्कार झाला. जी विमानाची शेपटी हलवते ती माझ्या बापाची पाठ उचलणार नाही? खाटेच्या पाठीला बिजागऱ्यांची फळी, फळीला दोर, दोर आढ्याच्या कप्पीवरून खाली मोटरीला, आणि मोटरीचं बटण बाबांच्या डाव्या हातात. कोणी उचलायचं नाही. माणूस आपल्या हाताने उठून बसणार!

मोटर मिळवायची तर ती निकामी ठरायला हवी होती. निकामी ठरवायची तर तपासायला हवी होती. निकामी माल ठरवणाऱ्या समितीचे साहेब म्हणाले, "चालते का?" चालते म्हटलं असतं तर ती सरकारची, आणि चालत नाही म्हटलं असतं तर तुम्ही ती नेऊन करणार काय, हा पुढचा प्रश्न. मी म्हणालो, "साहेब, अंदाजे चालते." अंदाजे चालणाऱ्या वस्तूला कुठल्या रकान्यात घालायचं यावर समितीने दोन महिने विचार केला. तोवर बाबांच्या पाठीला पहिली लाली दिसली. विमल रोज खोबरेल चोळी आणि माझ्याकडे न बघता विचारी, "आली का तुमची मोटर?" शेवटी भंगाराच्या लिलावात ती निघाली आणि बोली लावणारा मी एकटाच होतो.

मग अंदाज बांधायची वेळ आली. मोटरीवरच्या पितळी पाटीवर तिच्या जोराचा आकडा होता. तो कळला. पण बाबांचं वजन? ज्या माणसाला उचलायचं नाही त्याला काट्यावर कसा ठेवणार? भगवानरावांची मुकुटबनकडे कापसाची मोठी शेती. मुलांच्या शाळेसाठी ते गावात राहत आणि उरलेला वेळ आम्हाला सल्ला देत. ते खाटेभोवती दोन फेऱ्या मारून, मान वाकडी करून बाबांकडे बघू लागले. बैलबाजारात बघतात तसं. बाबा छताकडे बघत म्हणाले, "भगवानराव, शेपूट पाह्याचं राह्यलं."

भगवानराव दचकले, पण अंदाज सांगितला. "पाऊण पोतं तूर समजा. आन् एक ध्यानात ठेवा, चाक मोठं लावा. बैलबंडीचं चाक जेवढं मोठं तेवढी बंडी हलकी जाते. हे तुमच्या पुस्तकात नसते."

माझ्या पुस्तकात ते खरंच नव्हतं, म्हणून मला ते पटलं. मी शिवणयंत्राचं भलंमोठं चाक मोटरीला जोडलं, त्यावर दोर गुंडाळला, आणि मोटरीने रिकामी फळीसुद्धा उचलली नाही. बंडी ओढायचं चाक वेगळं आणि दोर गुंडाळायचं वेगळं, हे कळायला मला एक रविवार लागला. भगवानरावांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणाले, "चाक लहानच पडलं."

मग मी दोऱ्याच्या रिळाएवढं लाकडी रीळ लावलं. अंगणात दुसऱ्या खाटेवर पाऊण पोतं तूर ठेवली आणि बटण दाबलं. मोटर घोंघावली, फळी उठली, पोतं बसलं! विमलने तोंडावर पदर घेतला. फळी उठताना पोतं घसरून कमरेच्या बाजूला गेलं होतं आणि निम्मा भार खाटेनेच घेतला होता, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. विजयाच्या वेळी पोत्याकडे कोण बघतं?

चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या हव्या होत्या. त्या धनसिंगने दिल्या. धनसिंग आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा बंजारा. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहिलं, हा कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवी. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणून त्याने खाटेच्या उशाशी मांडल्या आणि म्हणाला, "रोज दुपारी येऊन पाणी पाहून जात जाईन, बाबूजी. बॅटरीले पाणी पाजा लागते." विमलला तारा, बॅटऱ्या आणि दोर यांचा पसारा बघवेना, म्हणून तिने उशामागे जुन्या लुगड्याचा पडदा लावला.

अक्षय्य तृतीयेला मी गल्लीला बोलावलं. हे करायला नको होतं. पण अंगणात पोतं उठल्यावर माझी मान जी वर गेली होती, ती खाली येत नव्हती. नारळ फुटला, विमलने मोटरीला कुंकू लावलं, आणि बाबांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. फळी वीतभर उठली. थांबली. मोटर एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी कण्हत राहिली. बाबा त्या वीतभर उंचीवरून खिडकीकडे मान वळवायला बघत होते. चौकटीचा खालचा दांडा दिसला असेल, तेवढ्यात फळी धाडकन खाली आली.

"विमान उडालं नाही बॉ," भगवानराव म्हणाले, आणि गल्ली हसली.

माझे कान तापले. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हसायचं कारण नाही. माझं गणित बरोबर आहे. मोटरही बरोबर आहे. बाबाच अंदाजापेक्षा जास्त भरले."

लोक प्रसाद घेऊन गेले. बाबा छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमलला सांगितलं, "माह्यं ताट इथं ठेवत जा आन् दार लोटून घेत जा. डाव्या हातानं खातो, सांडते. मले खाताना कोणी पाहू नका." एवढ्या मानी माणसाचं एवढं मागणं कोण मोडणार? ताट ठेवायचं, दार लोटायचं. थोड्या वेळाने धनसिंग बॅटऱ्यांना पाणी घालायला आत जाई, आणि जाताना रिकामं ताट मोरीवर ठेवून जाई. चाटून पुसून रिकामं. रात्री जड होतं म्हणून ते नुसतं कपभर दूध घेत.

"मामाजी खातात त चांगलं," विमल म्हणे. "मंग अंगाले काहून लागून नाही राह्यलं?" बाबांच्या गालांत खड्डे पडले. गळ्याखालची कातडी सैल झाली. डॉक्टरांनी एक टॉनिक दिलं, मग दुसरं दिलं, मग म्हणाले, लकव्यात असं होतं. मला काळजी वाटत होती. नव्हती असं नाही. पण माझं अर्धं लक्ष मोटरीत होतं, कारण एक अजब गोष्ट घडत होती. दर रविवारी मी मोटरीची चाचणी घेई आणि दर रविवारी फळी दोन बोटं जास्त वर येई! मी गिअरला तेल घातलं होतं, दोराला मेण लावलं होतं, कप्पीचा खिळा बदलला होता. प्रत्येक सुधारणेचं श्रेय मी ज्याच्या त्याच्या पदरात प्रामाणिकपणे टाकत होतो. मेणाबद्दल तर मी वर्कशॉपमध्ये छोटंसं भाषणसुद्धा दिलं.

याच सुमारास धनसिंगच्या शर्टाची खालची दोन बटणं लागेनाशी झाली. मी त्याला म्हणालो, "धनसिंग, बरं चाललंय तुझं." त्याने मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

पोळ्याच्या दिवशी बाबांनी बटण दाबलं आणि फळी उठली. वीतभर, हातभर, आणि मग उठतच राहिली. बाबा बसले! मान वळवली की खिडकी, खिडकीत रस्ता, आणि रस्त्यावरून झुली पांघरलेले, शिंगं रंगवलेले बैल वाजतगाजत चाललेले. बाबांनी किती तरी वेळ बघितलं. मग पहिलं वाक्य बोलले, "तो मधला बैल लंगडून राह्यला. मालकाले सांग." विमल रडायला लागली. मी भगवानरावांना भिंतीवरून हाक मारून बोलावलं आणि म्हणालो, "बघा. माझा आकडा बरोबर होता." बाबा माझ्याकडे बघून हसले. त्यांना हसताना मी लहानपणी पाहिलं असेल तेवढंच.

पुढचे काही दिवस घरात सण होता. बाबा सकाळ-संध्याकाळ बसत, रस्त्यावरच्या लाकडाच्या गाड्यांना शिव्या देत आणि परत निजत. पाठीची लाली उतरली. वर्कशॉपमध्ये मी फोरमनना पाटीवरच्या आकड्यासकट सगळं गणित सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"अहो, तो आकडा मोटर किती ओढते त्याचा नाही. किती ओझं टाकलं की ती जागच्या जागी थांबते, त्याचा आहे. रोजच्या कामाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा भरवसा धरायचा. तुमचे वडील तिने उचलले?"

"उचलले."

"मग एक तर मोटर चमत्कारिक आहे," ते म्हणाले, "नाही तर तुमचे वडील."

घरी आलो तर ओसरीवर धनसिंगची बायको लालीबाई बसली होती. बांगड्यांनी भरलेले हात आपटून ती विमलला सांगत होती, "पोळ्याच्याही आधीपासून दुपारचा जेवत नाही घरी. भाकर कराव त म्हणते, पोट भरलं. कुठं भरलं? मले सांगाल तुमी, बाई? कोन्या बाईनं चूल मांडली त्याच्यासाठी?" धनसिंग अंगणात कडुनिंबाखाली उभा होता, गुन्हेगारासारखा. त्याचं पोट त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

मी मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "धनसिंग, खरं सांग. कोणाच्या घरी जेवतोस?"

त्याने आधी लालीबाईकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमच्या."

लालीबाईने बांगड्या वाजवायच्या थांबवल्या.

"काकाजीनं शपथ घातली, बाबूजी. म्हणे, माह्या वाटचं तू खाय. अर्धी भाकर मले ठेव, बाकी तू. फेकून देऊ नको, अन्न हाय. आन् कोनाले सांगू नको. म्या लय म्हटलं, काकाजी, मराल. त म्हणे, पोराचं गणित चुकलं असं गल्ली म्हनून राह्यली. गणित नाही चुकलं. मीच जास्त भरलो." धनसिंगने डोळे पुसले. "म्या जेवलो, बाबूजी. रोज जेवलो. गोड नाही लागलं."

विमल भिंतीला धरून खाली बसली. मी आत गेलो. बाबा बसलेले होते. संध्याकाळचं ऊन त्यांच्या खांद्यावर आलं होतं आणि त्या खांद्याचं हाड मला पहिल्यांदा दिसलं. आपण काय उचलून दाखवलं ते मला कळलं. मी त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो.

"रडतं काहून?" बाबा म्हणाले. "मोटर चालली ना?"

"मोटर गेली खड्ड्यात. तुम्ही जेवा."

"जेवलो त वजन वाढते. वाढलं त मोटर बसवत नाही. नाही बसवलं त डॉक्टर म्हणते, मरतं. मंग उपाशी बसून मरू का खाऊन निजून मरू, तूच सांग. इंजिनियर हायेस."

त्यांच्या या हिशेबात मला एकही चूक सापडली नाही. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही जेवा. मोटर बसवेल. माझा शब्द." यापेक्षा पोकळ शब्द मी आयुष्यात दिला नसेल. पण बाबांनी मान हलवली. त्या दिवसापासून विमल दार न लोटता समोर बसून त्यांना वाढू लागली. धनसिंग मात्र आमच्याकडे पाण्याचा थेंबही घेईना.

बाबांच्या गालांवर मांस आलं, तशी मोटर कण्हू लागली. मी काय काय केलं ते सांगत नाही. मेणाने काही झालं नाही एवढं पुरे. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी मी पडद्यामागे बॅटरीच्या तारा बघत होतो. बाबांनी बटण दाबलं, फळी अर्ध्यावर आली, आणि काटकन आवाज झाला. गिअरचे दाते झडले. मोटर मात्र घोंघावतच राहिली, उलट आनंदाने घोंघावली. आता तिच्यावर काही ओझंच नव्हतं. दोर सुटला. फळी खाली येणार तेवढ्यात मी दोर पकडला.

काही विचार केला नाही. ओढला. पाय भिंतीला लावून ओढत राहिलो, आणि पलीकडून बाबांचा आवाज आला, "विमल, चहा आन. बसलो मी." मी दोर खुंटीला बांधला आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन पुढच्या दाराने आत आलो.

तेव्हापासून मीच मोटर झालो. सकाळी वर्कशॉपला जाण्याआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी पडद्यामागे जाऊन बसे. बाबा बटण दाबत, बिनदातांची मोटर घों घों करी, आणि मी ओढी. हाताला घट्टे पडले. साहेबांनी विचारलं, स्टोअरात खिळे मोजून घट्टे पडतात का? भगवानराव भिंतीवरून म्हणत, "चाक मोठं लावलं असतं त आजून हलकं गेलं असतं." विमलला माहीत होतं, धनसिंगला माहीत होतं. बाबांना कळू द्यायचं नाही एवढंच आमचं ठरलं होतं.

एका संध्याकाळी मी दमून आलो होतो. बाबांनी पोटभर जेवून बटण दाबलं होतं, आणि अर्ध्यावर माझा श्वास मलाच ऐकू येईल इतका फुलला होता.

"दिगंबर," बाबांनी हाक मारली.

"जी, बाबा," मी पडद्यामागून म्हणालो. आणि जीभ चावली.

फळी तशीच अर्ध्यावर. मग बाबा विमलला म्हणाले, "मोटर लय धापा टाकून राह्यली आज. तिले पाणी पाज."

विमल पडद्याआड आली. तिच्या हातात गडू होता. मी दोर एका हाताने धरून दुसऱ्याने पाणी प्यालो. मग बाबांना पुरतं बसवलं. त्यांनी त्याविषयी पुन्हा एक अक्षर काढलं नाही, मीही काढलं नाही. बटण मात्र ते रोज आधी दाबत.

पौषात बाबा गेले. दुपारी जेवण झालं होतं. वांग्याची भाजी त्यांनी मागून घेतली होती. खिडकीकडे तोंड होतं. छातीत कफ साचला नव्हता, पाठीला जखम नव्हती. दुसरा झटका आला, एवढंच. डॉक्टर म्हणाले, सुखाने गेले. मला सुखाचं काही दिसलं नाही, पण मी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं होतं ती वेळ आली. चौघं लागलो. पुढे मी आणि भगवानराव, मागे धनसिंग आणि फोरमन. उचलताना भगवानरावांचा पाय थोडा डगमगला.

"लय जड हाय बॉ," ते पुटपुटले.

मागे धनसिंगने मोठ्याने हुंदका दिला. मला त्या दिवसात पहिल्यांदा नीट रडू आलं. नाक्यापाशी मागून कोणीतरी खांदा बदलायला पुढे झालं. मी नको म्हणालो, आणि चालत राहिलो.